मिशी राहू दे काका, आधी मास्क बदला

पत्र: ताई नमस्कार. मी लालबागला राहतो, वय ५७, बेस्टमध्ये कंडक्टर आहे, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. दिवाळीच्या सुट्टीत मुलीने हट्टाने तारकर्लीला नेलं आणि स्कुबा करायला लावलं. पोहायला मला येतं, लहानपणी गावच्या विहिरीत शिकलोय, पाण्याची भीती नाही. पण खाली गेलो की मास्कमध्ये पाणी शिरायचं, नाकात जायचं, ठसका लागायचा. दोनदा वर आलो. बोटीवरच्या मुलाने दोन्ही वेळा पट्टा अजून आवळला तरी तेच. शेवटी म्हणाला, काका मिशी आहे ना, गळणारच. कपाळावर आणि गालावर वळ उठले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होते. आता मुलीने फेब्रुवारीत अंदमानला दोघांचा कोर्स बुक केलाय. मी ऑनलाइन एक महागातला मास्क मागवला, बादलीत तोंड घालून बघितलं, तोही गळतो. बायको म्हणते मिशी काढून टाका, होतंय काय त्यात. ताई, ही मिशी मी २४ व्या वर्षापासून ठेवलीय, वडिलांसारखी. चष्मा पण आहे, उणे तीन, आणि वाचायचा वेगळा. माझा चेहराच असा आहे का की मास्क बसणारच नाही? की हे वय नाही आता? नाव छापू नका.

उत्तर:

काका, नमस्कार. नाव छापत नाही, काळजी नको.

आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. तुमच्या चेहऱ्यात काही खोट नाहीये, मास्क गळण्याचा वयाशी काही संबंध नाही, आणि मिशी पूर्ण काढायची तर अजिबात गरज नाही, फार तर नाकाखालची एक बारीक रेघ साफ करावी लागेल, ती काढलेल्या माणसालासुद्धा आरशात पटकन दिसत नाही. तुमच्या बाबतीत झालं एवढंच की तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा नसलेला मास्क तुम्हाला दिला, तो गळला, आणि गळतोय म्हणून तो आवळला. आणि काका, आवळल्याने मास्क जास्त गळतो. हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचंय कारण तुम्ही त्या वळांचं लिहिलंय ना, ते वाचूनच मला कळलं होतं काय झालं असणार.

घरातला कुकर डोळ्यासमोर आणा. रिंग त्याच कुकरची असली की झाकण नुसतं बसवलं तरी वाफ धरते, आणि रिंग दुसऱ्या मापाची असली की तुम्ही झाकण कितीही दाबा, वाफ बाजूने फुसफुसत राहणार. मास्कची ती सिलिकॉनची मऊ कडा, तिला डायव्हिंगवाले स्कर्ट म्हणतात, ती म्हणजे रिंग. ती चेहऱ्याला सगळीकडून नुसती अलगद टेकली पाहिजे. पाण्यात गेलं की बाहेरच्या पाण्याचा दाबच मास्कला चेहऱ्यावर धरून ठेवतो, पट्ट्याचं काम फक्त तो जागेवरून सरकू नये एवढंच असतं. पट्टा जोरात ओढला की ती पातळ कडा दुमडते, कुठेतरी सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की तिथून पाणी आत. म्हणजे बोटीवरच्या त्या मुलाने मनापासून मदत केली पण उलटी केली. मी त्याला दोष देत नाही, सीझनमध्ये त्यांच्याकडे पाठोपाठ बोटी भरून माणसं येत असतात, एका क्रेटमध्ये चार-पाच मास्क, त्यातला जो हाताला लागेल तो पुढच्याला, कोणाचा चेहरा लांब कोणाचा रुंद हे बघायला वेळ कुठे असतो. पण तुम्ही मात्र तिथून घरी येताना "माझाच चेहरा असा" हे डोक्यात घेऊन आलात, ते मला खरंच वाईट वाटलं.

मला हे माहीत आहे कारण माझंही दीड वर्ष असंच गेलंय. पहिला मास्क मी धोबीतलावच्या एका दुकानातून घेतला होता, निळा रंग आवडला म्हणून, दुकानदाराने काउंटरवरून दिला, मी पैसे दिले, संपलं. प्रत्येक डाइव्हला डाव्या डोळ्याखाली पाणी साठायचं, दर दोन मिनिटांनी ते बाहेर काढायचं, मासे बघायचे राहूनच जायचे. मला वाटायचं मलाच नीट जमत नाही. मग एका इन्स्ट्रक्टरने बोटीवर माझा मास्क हातात घेतला, पट्टा पुढे टाकला, म्हणाला वर बघ, आणि नुसता चेहऱ्यावर ठेवला. गालाच्या हाडाखाली एक फट होती, माझी करंगळीचं नख आरामात जाईल एवढी. त्याने ती फट मला माझ्याच नखाने चाचपायला लावली. दीड वर्ष मी तिथून येणारं पाणी बाहेर फेकत होते.

तर ही तपासणी तुम्ही आज रात्री जेवण झाल्यावर घरीच करा, त्या महागातल्या मास्कवर. मुलीला बसवा समोर. पट्टा पूर्ण पुढे, काचेवर टाकून द्या म्हणजे तो मध्ये येत नाही. मान मागे टाकून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर फक्त ठेवा, दाबू नका, श्वास ओढू नका, त्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढा बसेल तेवढाच. आता मुलीला सांगा मोबाईलचा टॉर्च लावून चारी बाजूंनी कडा बघ. कपाळावर, भुवयांच्या टोकाशी, गालाच्या हाडाखाली, आणि नाकाच्या खाली, कुठे कडा हवेत तरंगतेय का, कुठे केसांवर चढलीये का, कुठे ओठाच्या लाल भागावर आलीये का. तुमच्या बाबतीत नाकाखाली केस मध्ये येणारच, ते आत्ता सोडून द्या, बाकीचं सगळं बघा. कारण फट असेल तर ती इथेच दिसते.

हे जमलं की मग नाकाने हळूच श्वास आत घ्या. किती हळू, तर कढत्या तुपाचा वास घेतो ना आपण, तेवढाच. आणि श्वास धरून मान सरळ करा, थोडी खाली पण घाला. मास्क न पडता राहिला, तुम्ही पुन्हा पुन्हा ओढत नाही आहात तरी राहिला, तर तो तुमच्या मापाचा. इथे लोक एक चूक करतात, मी दुकानात बघते ना, फस्सकन जोरात ओढतात आणि चिकटला की खूश होतात. जोरात ओढला तर कुठलाही मास्क कुठल्याही चेहऱ्याला चिकटेल, त्याला काही अर्थ नाही. मिशीमुळे तुमचा हळूहळू सुटेल कदाचित, तर नाकाखालच्या त्या जागेवर बोटाने अगदी हलकं टेकवून धरा आणि बाकीची कडा धरतेय का ते बघा. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या होतील, मिशीने गळतोय की मापाने गळतोय.

आणि मग तिसरी पायरी, जी जवळजवळ कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ती हीच आहे. तोंडात काहीतरी धरून हेच सगळं परत करायचं. पाण्यात तुमच्या तोंडात रेग्युलेटर असतो, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं ते यंत्र, दात त्यावर रोवलेले, ओठ पुढे काढून आवळलेले, आणि त्याने वरचा ओठ ताणला जातो, गालांचा आकार बदलतो, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ज्या रेषा असतात ना त्या खोल होतात. आपलं वय वाढतं तसं त्या रेषा खोल होतातच, माझ्याही झाल्यात. कोरड्यात तोंड मिटून छान बसलेला मास्क पाण्यात नेमका त्या रेषेतून गळतो. म्हणून स्नॉर्कल, म्हणजे तोंडाने श्वास घ्यायची ती वाकडी नळी, असेल तर ते तोंडात धरा, नसेल तर एखादं जाडसर पेन किंवा टूथब्रशचा दांडा दातांत धरून ओठ मिटा, आणि परत तपासा. मग हसून बघा. मुलीकडे बघून खरं हसा. पाण्याखाली माणूस हसतोच, पहिलं कासव दिसलं की कोणाचं तोंड आवरतंय, आणि हसलं की पाणी येतं, थोडं येणारच, पण हसू थांबल्यावर कडा परत जागेवर बसली पाहिजे.

ही परीक्षा पास झाला तर पट्टा घालून तो मास्क दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, टीव्ही बघत बसा, तोंडाने श्वास घ्या. दोन भुवयांच्या मधे, नाकाच्या हाडावर, फ्रेमचा कडक भाग टोचतोय का हे पाच मिनिटांनंतरच कळतं, दुकानात अर्ध्या मिनिटात कळत नाही. तिथे टोचत असेल तर पाण्यात चाळीस मिनिटांनी डोकं दुखणार, मग तो मास्क कितीही न गळणारा असो. नाकाचा कप्पा बघा, नाकाचं टोक आत दाबलं जाऊ नये आणि बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत नाकपुड्या पूर्ण बंद करता आल्या पाहिजेत, कारण खाली जाताना कानाचे दडे सोडवायला तुम्हाला ते सारखं करावं लागणार आहे. पट्टा डोक्याच्या मागे जो उंचवटा असतो त्यावर, कानांच्या वरून जाऊ दे, मानेवर उतरू देऊ नका. आणि सैलच. पट्टा आणि डोकं यांच्यात बोट सहज सरकलं पाहिजे.

बादलीच्या परीक्षेचं म्हणाल तर त्यावर जाऊ नका काका. बादलीत आपण ओणवे होतो, सगळं मांस पुढे लोंबतं, तोंडात काही नसतं, आणि वरून आपण मास्क बादलीच्या काठाला कुठेतरी टेकवतो. त्यात गळला म्हणजे वाईट असं नाही आणि नाही गळला म्हणजे चांगला असंही नाही. पण कोरड्या तपासणीत फट दिसली तर मात्र तो मास्क आजच परत पाठवा, परत करायची मुदत असेल तोवर. महाग आहे म्हणून ठेवून घेऊ नका. मास्कची किंमत काचेची, फ्रेमची, नावाची असते. तुमच्या गालाची किंमत त्यात कोणी धरलेली नसते. मी स्वस्तातल्या मास्कमध्ये वर्षानुवर्षं आरामात डाइव्ह करणारी माणसं बघितलीत. फक्त दोन गोष्टींत पैसे वाचवू नका, कडा खऱ्या सिलिकॉनची हवी, ते मऊ असतं आणि दुमडून सोडलं की लगेच मूळ आकारात येतं, त्या खेळण्यातल्या कडक प्लॅस्टिकची नको. आणि काच टेम्पर्ड हवी, तसं काचेवरच लिहिलेलं असतं, साधी काच फुटली तर डोळ्यासमोर फुटते.

आता मिशी. पाणी केसांमधून का येतं तर कडा कातडीला टेकण्याऐवजी केसांवर टेकते आणि केसांच्या मधल्या बारीक बारीक वाटांनी पाणी आत झिरपतं. पण कडा तुमच्या पूर्ण मिशीवर टेकतच नाही. ती टेकते नाकाच्या अगदी खाली, जिथे मिशी सुरू होते तिथे, एका अरुंद पट्टीवर. तेवढीच पट्टी साफ हवी. असं करा, मास्क ठरला की तो घेऊन तुमच्या नेहमीच्या न्हाव्याकडे जा, तिथे खुर्चीत लावून दाखवा, कडा कुठे टेकते तिथे त्याला खूण करून घेऊ दे आणि नाकाखालून तेवढीच, साधारण अर्धा सेंटीमीटर, वरून खाली न येता आडवी रेघ काढायला सांगा. खालची मिशी जशीच्या तशी. वडिलांसारखी राहील, शब्द देते. हे डाइव्हच्या आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको, ताज्या वस्तऱ्यावर खारं पाणी फार झोंबतं. आणि चार दिवस आधीही नको कारण खुंट वाढले की तेही कडा उचलतात, कधीकधी लांब केसांपेक्षा जास्त. कोर्स तीन-चार दिवसांचा असेल तर एक छोटा रेझर बरोबर ठेवा.

एवढं करूनही थोडं झिरपलं तर त्या पट्टीवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी वाटाणाभर ठिपका चोळतात. व्हॅसलीन लावू नका, अनेक जण सांगतील व्हॅसलीन लावा, पण ते पेट्रोलियम आहे, कडा बिघडवतं आणि काचेला लागलं की निघता निघत नाही. आणि मनाची एक तयारी ठेवा, मिशीवाल्या माणसाच्या मास्कमध्ये एका डाइव्हमध्ये चमचाभर पाणी येऊ शकतं. ते चालतं. बिनमिशीवाल्यांच्याही येतं. ते बाहेर काढता आलं म्हणजे झालं.

आणि इथे मला तुमच्या पत्रातल्या खऱ्या दुखण्यावर यायचंय. तुम्ही वर आलात ते मास्कमध्ये पाणी आलं म्हणून नाही, ते नाकात गेलं म्हणून. आपण आयुष्यभर नाकाने श्वास घेतो, विहिरीत पोहणारा माणूस तर डोकं वर काढून नाकानेच घेतो, आणि अचानक कोणीतरी सांगतं तोंडाने घ्या. मास्क कोरडा असेपर्यंत जमतं, नाकाशी पाणी लागलं की शरीर घाबरून नाकानेच ओढतं, आणि ठसका. ही सवय मोडता येते आणि ती मुंबईत बसून मोडता येते. घरात एक मोठं घमेलं किंवा टब घ्या, स्नॉर्कल तोंडात धरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात घाला आणि तोंडाने श्वास घेत राहा. पहिल्या वेळी दहा सेकंद नाही जमणार. नाकाने आत घ्यायचं नाही, वाटलं तर नाकाने किंचित बाहेर सोडायचं. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. मुलीला शेजारी उभं करा. ज्या दिवशी तुम्ही नाक उघडं ठेवून दोन मिनिटं शांत बसाल त्या दिवसापासून गळका मास्क तुम्हाला घाबरवू शकणार नाही.

पाणी बाहेर काढायची पद्धत कोर्समध्ये शिकवतीलच पण आधी माहीत असू दे. हनुवटी थोडी वर करायची, मास्कच्या वरच्या कडेवर, कपाळाच्या बाजूने, बोटांनी हलकं दाबायचं, आणि नाकाने सावकाश बाहेर सोडायचं. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. मास्कच्या आतली जागा जितकी कमी तितका श्वास कमी लागतो, म्हणून काच चेहऱ्याच्या जवळ असलेला मास्क तुम्हाला सोपा जाईल. तुम्ही घेतलाय त्याला नाकाखाली पाणी बाहेर सोडणारी ती गोल झडप आहे का? असेल तर वाईट नाही, मिशीवाल्यांना तिचा उपयोग होतो, फक्त वाळूचा कण अडकला की तीच गळायला लागते, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात हलवून धुवायची.

नाकाने हवा सोडायचं आणखी एक कारण आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तुमच्या मास्कमधली हवा दाबून निम्म्या जागेत मावेल एवढी होते. मग मास्क डोळ्यांना आणि चेहऱ्याला चोखून घ्यायला लागतो. खाली जाताना मधून मधून नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली की बरोबरी होते. नाही सोडली तर डोळ्यांचा पांढरा भाग लाल होऊन बाहेर येतात लोक, दिसायला भयंकर दिसतं. पोहण्याचे गॉगल म्हणूनच डायव्हिंगला चालत नाहीत, त्यात नाक बाहेर राहतं, हवा सोडणार कुठून. आणि तो पूर्ण चेहरा झाकणारा, डोक्यावर नळी असलेला स्नॉर्कलिंगचा मास्क, तोही स्कुबासाठी नाही. कोणी कौतुकाने भेट दिला तर पृष्ठभागावरच वापरा.

चष्म्याचं सोपं आहे. चष्मा मास्कच्या आत घालायचा नाही, काडी कडेखालून गेली की संपलं सगळं. दोन वेगळ्या काचा असलेला मास्क घ्या, त्यातल्या अनेक मॉडेलना नंबरच्या तयार काचा मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने, डाव्या-उजव्या डोळ्याला वेगळ्या बसवता येतात. म्हणून मास्क निवडतानाच विचारा ह्याला नंबरच्या काचा येतात का, नाहीतर माप जमलेला मास्क घेऊन बसाल आणि काच मिळायची नाही. तुम्हाला आडवा नंबर पण असेल तर कागद घेऊन ऑप्टिशियनकडे जा, तो दोन्ही मिळून एक नंबर काढून देईल. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात त्यामुळे अगदी तंतोतंत नंबर नाही मिळाला, थोडा कमीचा मिळाला, तरी बहुतेकांचं निभावतं. तुमची खरी अडचण वाचायच्या नंबरची होईल, कारण हातातल्या गेजवर किती हवा उरलीये ते स्वतः वाचायचं असतं आणि ते दिसलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. काही जणांचं उणे नंबर थोडा कमी ठेवून दोन्ही भागतं, काहींना काचेच्या खालच्या भागात वाचायची छोटी भिंगं चिकटवून घ्यावी लागतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तेही चालतं, फक्त मास्कमध्ये पाणी आलं की डोळे मिटायचे. पण नव्याने लेन्सची सवय ह्या गडबडीत लावून घेऊ नका.

हे सगळं मिळणार कुठे. मुंबईच्या समुद्रात गाळ एवढा की हातभरावरचं दिसत नाही, त्यामुळे इथे डाइव्ह होत नाहीत पण इथल्या डायव्हिंग शाळा पूलमध्ये शिकवतात आणि पुढचं अंदमान, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, लक्षद्वीप इथे करतात. मुलीने जिथे बुक केलंय त्यांना विचारा मुंबईत पूल सेशन आहे का. असेल तर जानेवारीतच करून घ्या, आणि आधीच सांगा की मला चार-पाच वेगवेगळ्या आकाराचे मास्क लावून बघायचेत. चांगला इन्स्ट्रक्टर आनंदाने आणतो. पाण्यात वापरून जो जमला त्याचंच मॉडेल विकत घ्या. धोबीतलावला स्पोर्ट्सच्या दुकानांत बहुतेक पोहण्याचं आणि स्नॉर्कलिंगचं सामान असतं, बघायला जायला हरकत नाही, पण चेहऱ्याला लावून बघू देत नसतील तर घेऊ नका, मग ते कितीही सूट देत असोत.

नवीन मास्क घेतला की पहिल्या दिवशी हमखास धुकं धरतो, तो खराब नसतो, कारखान्यातला एक पातळ थर आतून काचेवर राहिलेला असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नको, बोटाने आतून चांगली घासा, धुवा, परत घासा, तीन-चार वेळा. काचेवर खास कोटिंग असेल किंवा चिकटवलेली भिंगं असतील तर मात्र नाही, आधी विचारा. लायटरने जाळतात काही जण, तुम्ही करू नका, सिलिकॉन जवळच असतं. मग दर डाइव्हच्या आधी आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून पाण्यात विसळायचं. झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, डब्यात ठेवायचा. विमानाने जाताना हँडबॅगेत घ्या, मोठ्या बॅगेत कपड्यांखाली दबला की कडेला कायमची घडी पडते.

वयाचं विचारलंत. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या कोर्सला, कमीत कमी वय १० आहे, जास्तीत जास्त असं काही नाही, पन्नाशी-साठीत शिकणारे मी बरेच बघितलेत आणि खरं सांगते, ते शांत असतात, घाई करत नाहीत, चांगले डायव्हर होतात. पण कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात ४५ च्या वरच्यांना बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे सगळं विचारतात. तो खरा भरा. त्यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडून लेखी घेऊन या, आणि काही नसेल तरी तुमच्या वयाला एकदा हृदयाची तपासणी करूनच जा, आत्ता डिसेंबरमध्ये, जायच्या आदल्या आठवड्यात नको. सर्दी झालेली असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, कानाचे दडे सुटणार नाहीत, पैसे भरलेत म्हणून उतरू नका.

आणि परतीचं तिकीट. तुम्ही लोक कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान धरता. एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, अंगात जिरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. मुलीला आजच विचारा शेवटचा डाइव्ह किती वाजता आहे आणि विमान किती वाजता, बदलायचं असेल तर आत्ताच स्वस्तात बदलून मिळेल.